एका खोट्या कागदाची किंमत : शस्त्रांचा बाजार आणि आफ्रिकेतील युद्धे

डिसेंबर १९६४ मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेससाठी पोप सहावे पॉल भारतात आले होते, हे आपल्या वडीलधाऱ्या मंडळींना ठाऊक आहे. त्या भेटीत ४ डिसेंबर रोजी त्यांनी पत्रकारांमार्फत जगातील सर्व राष्ट्रांना एक आवाहन केले. ते मात्र फारसे कोणाच्या स्मरणात राहिलेले नाही. शस्त्रांवर होणाऱ्या खर्चातील निदान काही भाग बाजूला काढावा आणि त्यातून गरीब देशांच्या साहाय्यासाठी एक जागतिक निधी उभारावा, असे ते आवाहन होते. १९६७ च्या ‘पॉप्युलोरुम प्रोग्रेसिओ’ या परिपत्रकात पोप महोदयांनी मुंबईतील या आवाहनाचा आवर्जून पुनरुच्चार केला.

तसा निधी उभा राहिला नाही. शस्त्रांचा बाजार मात्र वाढत गेला आणि त्याची फार मोठी किंमत आफ्रिका खंडाने मोजली. हा बाजार कसा चालतो, बंदी असतानाही शस्त्रे कशी पोहोचतात आणि आपल्या महाराष्ट्राचा त्याच्याशी काय संबंध, याची माहिती या लेखात आम्ही देत आहोत.

मुंबईत उतरवलेले विमान

त्या आवाहनानंतर ३१ वर्षांनी, डिसेंबर १९९५ मध्ये, शस्त्रांच्या चोरट्या व्यापाराचे एक प्रकरण मुंबईच्याच विमानतळावर उघडे पडले. १७ डिसेंबरच्या रात्री पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यातील गावांवर एका अंतोनोव्ह-२६ मालवाहू विमानातून पॅराशूटने पेट्या टाकण्यात आल्या. सकाळी गावकऱ्यांना सापडल्या त्या शेकडो एके-४७ रायफली आणि लाखो काडतुसे. काही दिवसांनी तेच विमान पुन्हा भारताच्या हद्दीत आले, तेव्हा त्याला मुंबईत उतरण्यास भाग पाडण्यात आले. पीटर ब्लीच हा ब्रिटिश शस्त्रदलाल आणि पाच वैमानिक-कर्मचारी पकडले गेले. मुख्य सूत्रधार मानला जाणारा, किम डेव्ही या नावाने वावरणारा डॅनिश नागरिक मात्र विमानतळावरूनच निसटला. त्याला भारताच्या स्वाधीन करण्यास डेन्मार्कच्या न्यायालयाने २०११ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये नकार दिला.

ही शस्त्रे बल्गेरियातील बुर्गास येथे विमानात चढवली गेली होती. ती रात्रीच्या अंधारात चोरून आणलेली नव्हती, रीतसर विकत घेतलेली होती. विक्रीच्या कागदपत्रांवर खरेदीदार म्हणून बांगलादेशाचे नाव होते आणि ते खोटे होते.

सातबारा आणि शस्त्राचा कागद

शस्त्रे परदेशी विकताना विकणारा देश एक प्रमाणपत्र मागतो. ही शस्त्रे आमच्याच सैन्यासाठी आहेत, ती आम्ही अन्य कोणास देणार नाही, असे खरेदी करणाऱ्या सरकारने त्यात लिहून द्यायचे असते. यास अंतिम वापरकर्त्याचे प्रमाणपत्र म्हणतात. शस्त्रांच्या कायदेशीर व्यापाराची सारी इमारत या एका कागदावर उभी आहे.

उमरखेडच्या शेतकऱ्याला कागदाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. सातबाऱ्यावर खोटे नाव चढले की पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन हातची जाते, हे तो जाणतो. शस्त्राच्या कागदावर खोटे नाव चढले, तर हजारो मैलांवरील कोणाचे तरी गाव जाते. सातबाऱ्यावरील खोटे नाव निदान तलाठ्याकडे, तहसीलदाराकडे तक्रार करून तपासता येते. शस्त्रे एकदा विमानात चढली, की ती खरोखर कोठे उतरली हे पाहण्यास बहुधा कोणीच जात नाही.

अंगोला आणि सिएरा लिओन

अंगोला हा देश १९७५ मध्ये पोर्तुगालपासून स्वतंत्र झाला आणि लगेच यादवीत सापडला. ती यादवी २००२ पर्यंत चालली. युनिटा या बंडखोर संघटनेला शस्त्रे देण्यास संयुक्त राष्ट्रांनी सप्टेंबर १९९३ मध्ये बंदी घातली. तरीही युनिटाची शस्त्रे संपली नाहीत. कॅनडाचे राजदूत रॉबर्ट फाउलर यांच्या समितीने मार्च २००० मध्ये याचा उलगडा केला. शस्त्रे बल्गेरियातून निघत होती आणि कागदांवर खरेदीदार म्हणून पश्चिम आफ्रिकेतील टोगो या छोट्या देशाचे नाव होते. १९९७-९८ मध्ये टोगोच्या नावाने शस्त्रे घेऊन उडालेली विमाने ज्या बुर्गासहून निघत, तेथेच पुरुलियाचे विमानही भरले गेले होते.

सिएरा लिओनची कथा अशीच आहे. १९९१ ते २००२ या काळातील यादवीत तेथे सुमारे ५०,००० माणसे मरण पावली. बंडखोरांनी हजारो निरपराध लोकांचे हातपाय तोडले आणि लहान मुलांच्या हाती बंदुका दिल्या. मार्च १९९९ मध्ये युक्रेनमधून निघालेली ६८ टन शस्त्रे बुर्किना फासोच्या वागाडुगू विमानतळावर उतरली. कागदावर ती त्या देशाच्या संरक्षण मंत्रालयासाठी होती. थोड्याच दिवसांत ती दुसऱ्या विमानाने लायबेरियाला हलवण्यात आली. लायबेरियाचे तत्कालीन अध्यक्ष चार्ल्स टेलर हेच सिएरा लिओनच्या बंडखोरांचे पाठीराखे होते. या साऱ्या व्यवहाराचा तपशील संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने डिसेंबर २००० मध्ये मांडला. टेलर यांना २०१२ मध्ये विशेष न्यायालयाने ५० वर्षांची शिक्षा ठोठावली.

त्या बंदुका भारतीयांवरही रोखल्या गेल्या होत्या. मे २००० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतील दोनशेंहून अधिक भारतीय सैनिकांना कैलाहून येथे बंडखोरांनी वेढले. दोन महिन्यांहून अधिक काळ ते वेढ्यात अडकले होते. जुलै २००० मध्ये ‘ऑपरेशन खुकरी’ या मोहिमेने त्यांची सुटका केली.

मोल कशाने चुकते?

बंडखोरांपाशी नोटा छापण्याचे यंत्र नसते. त्यांच्यापाशी असते ती जमीन आणि तिच्या पोटातील धन. अंगोला आणि सिएरा लिओन येथे हे धन म्हणजे हिरे. हिरा मुठीत मावतो, कोठेही विकला जातो आणि कोठून आला हे स्वतः सांगत नाही. म्हणूनच त्यांना ‘रक्तहिरे’ हे नाव पडले. जगातील बहुतेक हिऱ्यांना पैलू पाडले जातात ते सुरत आणि आसपासच्या कारखान्यांत, आणि त्यांचा मोठा व्यापार चालतो मुंबईत. हिऱ्याच्या उगमाची हमी देणारी ‘किम्बर्ली प्रक्रिया’ जानेवारी २००३ पासून अमलात आली. भारत तिचा आरंभापासूनचा सदस्य आहे. या व्यवस्थेमुळे रक्तहिऱ्यांची वाट अवघड झाली, हे मान्य केले पाहिजे. मात्र तिचे नियम बंडखोरांच्या हिऱ्यांपुरतेच आहेत आणि तीही अखेर कागदांवरच चालते.

आज हेच काँगोत कोल्टन या खनिजाबाबत घडते आहे. त्यापासून मिळणारा टँटलम हा धातू मोबाइल फोनमध्ये वापरला जातो. जगातील सुमारे १५ टक्के कोल्टन पुरवणारी रुबाया येथील खाण एप्रिल २०२४ मध्ये एम-२३ या बंडखोर गटाच्या ताब्यात गेली. जानेवारी २०२५ च्या अखेरीस त्याच गटाने गोमा हे मोठे शहरही घेतले.

बंदी असतानाही

सुदानच्या दारफूर प्रांतात २००४ पासून शस्त्रबंदी आहे. तरीही एप्रिल २०२३ मध्ये भडकलेल्या तेथील युद्धाने एक कोटीहून अधिक लोकांना बेघर केले. ऑक्टोबर २०२५ मध्ये एल फाशेर हे दारफूरमधील शहर पडले आणि तेथे मोठा नरसंहार झाला. बल्गेरियात बनलेले उखळी तोफांचे गोळे सुदानमध्ये सापडल्याचे ‘फ्रान्स २४’ या वृत्तवाहिनीने २०२५ मध्ये दाखवून दिले. ते २०१९ मध्ये संयुक्त अरब अमिरातीला विकलेले होते. ते पुढे पाठवण्याची परवानगी आपण दिली नव्हती, असे बल्गेरियाने सांगितले. सुदानमधील कोणत्याही पक्षास शस्त्रे पुरवल्याचा आरोप अमिराती नाकारते.

याचा अर्थ आफ्रिकेतील प्रत्येक युद्ध शस्त्रविक्रेत्यांनीच लावले, असा नव्हे. वसाहतवाद्यांनी ओढलेल्या सीमा, भ्रष्ट राजवटी, जमातींमधील वैर ही कारणे खरी आहेत. १९९४ मध्ये रवांडात सुमारे आठ लाख लोक मारले गेले, त्यांतील अनेकजण कोयत्यांनी. परंतु भांडणाला बंदुकीची जोड मिळाली, की ते मिटवण्याची घाई कोणालाच उरत नाही. ठिणगी गावातलीच असते, तिच्यावरचे तेल मात्र दुरून येते.

आणि तेल विकणारे कोण? स्टॉकहोम येथील ‘सिप्री’ या संस्थेच्या आकड्यांनुसार २०२०-२४ या काळात मोठ्या शस्त्रांच्या निर्यातीत अमेरिका, फ्रान्स, रशिया आणि चीन हे पहिले चार देश होते. एकट्या अमेरिकेचा वाटा ४३ टक्के होता. शस्त्रबंदीचे ठराव करणाऱ्या सुरक्षा परिषदेचे हे चौघेही स्थायी सदस्य आहेत.

आपला देश, आपला विदर्भ

आजवर भारत प्रामुख्याने शस्त्रे विकत घेणारा देश होता. आता तो विकणाराही होत आहे. २०१३-१४ मध्ये आपली संरक्षण निर्यात ६८६ कोटी रुपयांची होती, ती २०२४-२५ मध्ये २३,६२२ कोटींवर गेली. यात विदर्भाचा वाटा मोठा आहे. भंडारा, भद्रावती आणि नागपूरच्या अंबाझरी येथे आयुध निर्माणी आहेत. यवतमाळला लागून असलेल्या वर्धा जिल्ह्यात पुलगावचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. या ठिकाणी घाम गाळणारे कामगार आपलेच बांधव आहेत. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या निर्माणीतील स्फोटात आठ जणांचा बळी गेला. त्यांच्या कष्टांविषयी शंका घेण्याचा आमचा हेतू नाही. देशाच्या सीमा राखणाऱ्या जवानाच्या हाती शस्त्र हवेच.

आमचा प्रश्न निर्यातीचा आहे. २ एप्रिल २०१३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने शस्त्रव्यापार करार संमत केला आणि तो २४ डिसेंबर २०१४ पासून लागू झाला. नरसंहारासाठी वापरली जातील हे ठाऊक असल्यास शस्त्रे विकू नयेत आणि विकलेली शस्त्रे अन्यत्र वळणार नाहीत याची काळजी घ्यावी, असे तो सांगतो. मतदानात भारत तटस्थ राहिला. करारात विकणाऱ्या आणि घेणाऱ्या देशांच्या जबाबदाऱ्यांचा समतोल नाही, अशी आपल्या सरकारची भूमिका होती. त्या वेळी आपण मुख्यतः घेणारे होतो. आता विकणारे होत असताना त्या भूमिकेचा नव्याने विचार व्हावा, असे आम्हास वाटते.

ख्रिस्तसभेची शिकवण

व्हॅटिकनच्या न्याय व शांती परिषदेने १९९४ मध्ये शस्त्रांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर एक दस्तऐवज प्रसिद्ध केला. प्रत्येक राष्ट्रास स्वसंरक्षणाचा हक्क आहे, हे त्यात मान्य केले आहे. मात्र त्यासाठी पुरेशी असतील तेवढीच शस्त्रे बाळगावीत आणि शस्त्र हा बाजारातील इतर मालासारखा माल मानू नये, असे तो बजावतो. विकणाऱ्याची जबाबदारी पैसे हाती पडताच संपत नाही, हे त्याचे सार आहे. कापसाचे गाठोडे विकल्यावर त्याचे धोतर झाले की चादर, याची चौकशी कोणी करीत नाही. बंदुकीच्या बाबतीत ती चौकशी हे विकणाऱ्याचे कर्तव्य ठरते.

आपल्या हाती काय आहे?

उमरखेडसारख्या गावातून जगाचा शस्त्रबाजार थांबणार नाही, हे उघड आहे. तथापि तीन गोष्टी आपल्या आवाक्यातील आहेत. लग्नासाठी हिऱ्याचा दागिना घेताना तो हिरा कोठला, हे सराफास विचारावे आणि लेखी हमी मागावी. चालू असलेला मोबाइल केवळ हौसेखातर टाकून देऊ नये. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. उमरखेड विधानसभा मतदारसंघ हिंगोली लोकसभा मतदारसंघात मोडतो. मत मागण्यास येणाऱ्या प्रत्येक उमेदवारास आपण विचारावे, की आपला देश शस्त्रे कोणास विकतो, कोणत्या कागदावर विकतो आणि ती तेथेच पोहोचली का, हे पाहण्यास कोण जाते? संरक्षण निर्यातीचा एकूण आकडा दरवर्षी जाहीर होतो. कोणास काय गेले, याची संपूर्ण यादी मात्र नागरिकांपुढे येत नाही.

धर्मग्रामाच्या सभेत, युवक मंडळात, धर्मशिक्षणाच्या वर्गात या प्रश्नांची चर्चा व्हावी, अशी आमची विनंती आहे. पुरुलियाच्या गावकऱ्यांच्या अंगणात एका सकाळी अशा पेट्या येऊन पडल्या होत्या. दारफूरमध्ये त्या आजही येत आहेत. त्यांच्यावरील कागदावर कोणाचे नाव आहे, हे विचारणारे कोणीतरी असले पाहिजे.