धुराचा पत्ता

डोंगरावर धूर दिसला की तिथे आग आहे असे समजावे, हे न्यायशास्त्रातले फार जुने उदाहरण. पण मंडळी, धूर दिसतोय आणि डोंगर मात्र हजारो मैल दूर, असे झाले तर?

सप्टेंबर १९५० मध्ये तसे झाले. स्कॉटलंडमधल्या लोकांना सूर्य निळा दिसला. आग लागली होती अटलांटिकपलीकडे, पश्चिम कॅनडाच्या जंगलात. धूर कुठून आला हे वाऱ्यांच्या नोंदी जुळवून शोधावे लागले, कारण वरून पाहणारा डोळाच तेव्हा नव्हता.

तो डोळा १ एप्रिल १९६० रोजी ‘टायरॉस-१’ या हवामान उपग्रहाने उघडला. त्याला ढग दिसले. पण पांढरा धूर आणि पांढरा ढग वेगळा कसा ओळखायचा? याचे उत्तर अवचित मिळाले. १९७८ मध्ये ओझोन मोजण्यासाठी ‘निंबस-७’वर एक उपकरण पाठवले होते. धूर अतिनील किरण शोषतो, ढग ते परतवतो. हा फरक त्या उपकरणाच्या नोंदींत सापडला. मग १९९७ मध्ये सुमात्रा-बोर्निओच्या वणव्यांचा धूर हिंदी महासागरावर पसरताना तशाच उपकरणाने टिपला. पुढे ‘टेरा’ (१९९९) आणि ‘अ‍ॅक्वा’ (२००२) या उपग्रहांनी धुरासोबत आगीची उष्णताही दाखवली. त्यांच्या आधारे भारतीय वन सर्वेक्षण २००४ पासून राज्यांना वणव्याची सूचना देऊ लागले.

आता आपल्याकडे पाहू. निमोण्यापासून दौंडपर्यंतच्या ऊसपट्ट्यात तोड झाली की फडात पाचट उरते आणि पुष्कळदा ते पेटवले जाते. २०११ पासूनच्या नव्या उपकरणांचा एक ठिपका ३७५ मीटरचा, म्हणजे सुमारे पस्तीस एकरांचा. दोन एकरांचा जाळही त्यात उमटू शकतो. पण हे उपग्रह आपल्यावरून जातात दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास. दिवेलागणीला पेटवलेला फड रात्री दीडपर्यंत विझलेला असतो. २०२४ मध्ये सोडलेला आपला ‘इन्सॅट-३डीएस’ छत्तीस हजार किलोमीटरवरून सतत पाहतो, पण त्याचा उष्णतेचा ठिपका चार किलोमीटरचा. म्हणून नकाशावर लाल खूण नाही, याचा अर्थ आग लागली नाही असा नव्हे.

आणखी एक गोष्ट. उपग्रह धूर वरून पाहतो. त्यातला किती आपल्या नाकापाशी आहे, हे जमिनीवरची यंत्रेच नीट सांगतात. ती बहुतेक शहरांत आहेत. त्यामुळे कॅनडाचा धूर जगाच्या नकाशावर दिसतो, आणि बांधापलीकडच्या घरात दम्याने बसलेल्या म्हातारीच्या वाट्याचा धूर कुठेच मोजला जात नाही.

पाचट सरीत दाबून कुजवले तर खोडव्याला खत मिळते, ओल टिकते. ते पेटवायचे की कुजवायचे, हे ठरवताना त्या घराकडे एकदा पाहावे. तेवढ्यासाठी उपग्रहाची गरज नाही.