धूर, दिवा आणि कोड : उपनगरी किनाऱ्यावरील बोटींच्या इंजिनाचे निदान

वर्सोव्याच्या खाडीत डिझेल इंजिने आली तेव्हा त्यांतल्या बहुतेकांवर इशाऱ्याचे दिवे नव्हते. असणार कसे? हँडल मारून सुरू होणाऱ्या त्या इंजिनांना बॅटरी लागत नसे आणि लाकडी बोटीवर दुसरी वीज नसे. अंधेरीच्या पश्चिमेचे वर्सोवा, खाडीपलीकडचे मढ, त्याच्या उत्तरेला मनोरी आणि बोरिवलीसमोरची गोराई ही गावे आज उपनगर म्हणून ओळखली जातात. पण लोकलच्या वेळापत्रकाआधी तिथे भरती-ओहोटीचे वेळापत्रक होते, आणि इंजिन आले तेही त्या वेळापत्रकासाठीच.

या किनाऱ्यावरची जुनी मासेमारी डोल जाळ्याची. डोल म्हणजे शंकूच्या आकाराची लांबलचक पिशवी. ती प्रवाहाच्या तोंडाला बांधून ठेवायची आणि पाण्याच्या जोरानेच तिच्यात बोंबील, जवळा, मांदेली शिरू द्यायची. प्रवाह पालटण्याच्या सुमारास जाळे उचलावे लागते. उशीर झाला तर आलेला म्हावरा निसटतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात प्रवाहाला जोर, म्हणून कामही जास्त. भांगाच्या दिवसांत ते मंदावते. वारा मात्र हे गणित पाळत नाही. शीड पडले की वल्ही मारायची, आणि परत येईपर्यंत बोंबलासारखा पाणीदार मासा उतरू लागलेला असायचा. इंजिनाने वेग दिला हे खरे, पण त्याहून मोठी गोष्ट दिली ती वेळेवर पोचण्याची खात्री. साहजिकच इंजिन बंद पडणे हे नुसते यंत्राचे दुखणे राहिले नाही. त्या दिवसाची कमाईच त्याच्यावर टांगलेली असे.

पहिल्या पंचवार्षिक योजनेत (1951–56) मासेमारी नौकांचे यांत्रिकीकरण हे सरकारी धोरण झाले. केरळात 1952च्या करारानंतर नॉर्वेच्या मदतीने प्रकल्प उभा राहिला, पण तिथल्या ओंडक्याच्या होड्यांत इंजिन बसवणे अवघड असल्याने नव्या बनावटीच्या बोटी आखाव्या लागल्या. मुंबई राज्यात ती अडचण फारशी आली नाही. सातपाटी आणि वर्सोव्याकडच्या बोटी मुळातच खोल बुडाच्या आणि भक्कम फासळ्यांच्या होत्या. मागच्या बाजूला लाकडी पाया घालून इंजिन बसवायचे, शाफ्टसाठी भोक पाडायचे आणि पंखा लावायचा, एवढ्यावर जुनी बोट यांत्रिक होऊ शकत होती. सहकारी संस्था, सरकारी कर्जे आणि पुढे 1963 साली स्थापन झालेले राष्ट्रीय सहकार विकास निगम यांमधून पैसा आला. इंजिनांचा पुरवठाही जवळच होता, कारण किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना 1946 साली पुण्यात सुरू झाला होता. आधी आयात इंजिने, मग देशी, आणि नंतर ट्रकच्या इंजिनाला समुद्री साज चढवून केलेली अशोक लेलँडची इंजिने. समुद्री साज म्हणजे रेडिएटर काढून त्याजागी हीट एक्सचेंजर, खाऱ्या पाण्याचा वेगळा पंप, पाण्याने थंड राहणारा एक्झॉस्ट आणि बोटीचा गिअरबॉक्स.

दिव्यांच्या आधीच्या काळात निदानाची साधने होती धूर, आवाज, वास आणि तळहात. धुराच्या रंगाचे शास्त्र आजही तसेच लागू पडते. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी: एअर फिल्टर चोंदला, नोझल गळते, किंवा पंख्यात जाळ्याचा दोर गुरफटून इंजिनावर बोजा आला. निळा धूर म्हणजे वंगण जळते आहे. रिंगा किंवा व्हॉल्व्हचे गाइड झिजले आहेत. पांढरा धूर थंड इंजिनात थोडा वेळ चालतो. तो थांबला नाही तर एकतर डिझेल न जळता बाहेर पडते आहे किंवा गॅस्केट जाऊन सिलिंडरमध्ये पाणी उतरते आहे. बोटीच्या कुशीतून बाहेर पडणारी पाण्याची धार हा आणखी एक इशारा. ती बारीक झाली की इंजिन तापणार हे तांडेल सुकाणूवर उभ्या उभ्या ओळखतो.

चार सिलिंडरांपैकी नेमका कोणता आजारी आहे हे शोधण्याची रीतही अशीच साधी आहे. इंजिन मंद चालू ठेवायचे आणि एकेका नोझलच्या नळीचा नट पान्याने किंचित सैल करायचा. चांगल्या सिलिंडरचे डिझेल तोडले की इंजिनाची लय लगेच पडते. नट सैल करूनही आवाज बदलत नसेल तर तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हता. पुढे संगणकाला जोडून ‘सिलिंडर कटआउट’ नावाने हीच चाचणी होऊ लागली. फरक इतकाच की पान्याऐवजी बटण आले. इंजिनाने हवा धरली तर फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारायचा, बुडबुडे थांबून निखळ डिझेल येईपर्यंत. हे काम प्रत्येक खलाशाला यावे लागे, कारण डिझेलची टाकी तळाशी आली की बोट उसळताना नळीत हवा शिरतेच.

इंजिनावर आलेले पहिले डोळे म्हणजे वंगणाच्या दाबाचे घड्याळ. फ्रेंच अभियंता बूर्दों याने 1849 साली पेटंट घेतलेल्या वाकड्या नळीच्या तत्त्वावर ते चालते, त्याला वीज लागत नाही. पुढे सेल्फ-स्टार्टर आला, बॅटरी आली, आणि ट्रकच्या घराण्यातल्या इंजिनांबरोबर ट्रकच्याच पद्धतीचे पॅनेल बोटीत शिरले. मग एको साउंडर, वायरलेस आणि जीपीएस यांनी बॅटरी जीवनावश्यकच केली.

वंगण, तापमान आणि चार्जिंग या पॅनेलवरच्या तीन दिव्यांची रचना समजून घेण्याजोगी आहे. वंगणाच्या दिव्यामागचा स्विच विश्रांतीत जोडलेला असतो. चावी फिरवली की दाब शून्य, म्हणून दिवा लागतो. इंजिन सुरू होऊन दाब चढला की आतला पडदा वर सरकतो, जोड तुटतो, दिवा विझतो. म्हणून निदानाची पहिली पायरी इंजिन सुरू करण्याआधीची आहे: चावी फिरवल्यावर हा दिवा लागलाच पाहिजे. तो तेव्हा लागत नसेल तर संकटातही लागणार नाही. तापमानाचा स्विच उलट वागतो, ठरावीक अंशापुढे तो जोडला जातो. म्हणून चावी फिरवल्यावर त्याचा दिवा लागावा यासाठी पॅनेलवर वेगळे चाचणीचे बटण लागते, आणि साध्या पॅनेलवर ते नसतेच. चार्जिंगच्या दिव्याची गंमत आणखी वेगळी. अनेक अल्टरनेटरांत सुरुवातीचे चुंबकत्व देणारा विजेचा प्रवाह याच बल्बमधून जातो. बल्ब उडाला तर इशारा बंद होतोच, पण अल्टरनेटरही वीज बनवायला लागत नाही. पाचदहा रुपयांच्या बल्बपायी बॅटरी उतरण्याचा हा बिघाड नवख्या मेकॅनिकला हमखास चकवतो.

तीन दिव्यांची निकड सारखी नाही. वंगणाचा दिवा लागला तर इंजिन तत्काळ बंद करावे लागते. बेअरिंगला तेल मिळाले नाही तर काही क्षणांत क्रँकवर ओरखडे पडतात. तापमानाचा दिवा लागला तर इंजिन लगेच बंद करण्यापेक्षा बोजा उतरवून मंद चालवणे बहुधा बरे, मात्र खाऱ्या पाण्याची धारच थांबली असेल तर बंद करण्यावाचून इलाज नाही. तापलेल्या टाकीचे झाकण उघडणे आणि गरम ब्लॉकवर गार पाणी ओतणे या दोन्ही गोष्टी टाळायच्या. चार्जिंगचा दिवा घेऊन मात्र घर गाठता येते, कारण यांत्रिक पंपाचे डिझेल इंजिन एकदा सुरू झाल्यावर विजेवाचून चालते.

उपनगरी खाड्यांत सर्वांत सतावणारा दिवा तापमानाचा. मालाडची खाडी वर्सोव्यापाशी समुद्राला मिळते. ती शहराचे सांडपाणी, गाळ आणि प्लास्टिक घेऊन येते. ओहोटीला बोटी चिखलात बसतात. भरतीला निघताना समुद्राचे पाणी ओढणाऱ्या तोंडाशी पिशवी चिकटली किंवा गाळ ओढला गेला की पंपाचा रबरी इंपेलर कोरडा फिरतो, आणि कोरडा इंपेलर अगदी थोड्या वेळात फाटतो. म्हणून शोध बाहेरून आत घ्यायचा: आधी कॉक उघडा आहे का, मग जाळीत कचरा आहे का, मग इंपेलरची पाती शाबूत आहेत का, मग पट्टा, आणि सगळ्यात शेवटी थर्मोस्टॅट व हीट एक्सचेंजर. फाटलेल्या इंपेलरचे तुकडे पुढे नळ्यांत जाऊन अडकतात. ते काढले नाहीत तर नवा इंपेलर घालूनही इंजिन तापतच राहते. थेट खाऱ्या पाण्याने थंड होणाऱ्या जुन्या इंजिनांत तापमान साधारण 55–60 अंशांतच ठेवावे लागे, कारण त्यापुढे आतल्या भिंतींवर क्षार धरू लागतो.

दिव्यांचा खरा वैरी मीठ. तांब्याच्या जोडावर हिरवट पूड धरली की स्विच चांगला, इंजिन चांगले आणि दिवा खोटा अशी स्थिती येते. खोट्या इशाऱ्याला कंटाळून बझरची तार सोडून ठेवण्याचा मोह मग आवरत नाही. 1 जून ते 31 जुलै हा मासेमारी बंदीचा काळ बोट ओढून लाकडाची डागडुजी, नोझल, पंपाचे कॅलिब्रेशन यांत जातो. तारांकडे त्यात शेवटी लक्ष जाते. हा अग्रक्रम चुकीचा आहे.

बिघाड आकड्यांत सांगणाऱ्या कोडांचे युग रस्त्यावरून समुद्रात आले. ट्रक आणि ट्रॅक्टरांसाठी 1990च्या दशकात जे-1939 हे मानक तयार झाले आणि समुद्री इंजिनांनीही ते उचलले. जहाजांच्या धुरावर मर्यादा घालणारे मारपोल करारातील सहावे परिशिष्ट 2005 साली लागू झाले, त्यानेही इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाला रेटा दिला. या पद्धतीत कोडाचे दोन मुख्य भाग असतात. एसपीएन हा आकडा ‘कुठे’ ते सांगतो: 100 म्हणजे वंगणाचा दाब, 110 कूलंटचे तापमान, 97 डिझेलमधले पाणी, 168 बॅटरीचे व्होल्टेज. एफएमआय ‘कसे’ ते सांगतो: 0 म्हणजे मूल्य धोक्याइतके जास्त, 1 म्हणजे धोक्याइतके कमी, 3 आणि 4 म्हणजे विजेच्या दाबात गडबड, 5 म्हणजे तुटलेला जोड.

पॅनेलवर 110 आणि 0 उमटले तर इंजिन खरोखर तापले आहे. जाळी आणि इंपेलर पाहायचा. 110 आणि 3 उमटले तर इंजिन गारही असू शकते. सेन्सरचा प्लग निघाला असेल किंवा तार तुटली असेल. 110 आणि 4 असेल तर तार कुठेतरी घासून लोखंडाला टेकल्याची शक्यता. दिवा मात्र तिन्ही वेळी लागतो. जुन्या बल्बला खरा ताप आणि सडलेली तार यांत भेद करता येत नव्हता; कोडाने तो करून दिला, आणि हीच त्याची सर्वांत मोठी कमाई. वाईट बाजूही आहे. काही बिघाडांत संगणक स्वतःहून इंजिनाची ताकद उतरवतो. ट्रक रस्त्याच्या कडेला उभा करता येतो; खाडीच्या मुखाशी लाटा फुटत असताना बोट तशी उभी करता येत नाही. म्हणूनच काही समुद्री इंजिनांत हा बंध तात्पुरता मोडण्याचे बटण दिलेले असते.

लाकडी मासेमारी बोटींत यांत्रिक पंपाची इंजिने अजून सर्रास दिसतात, आणि त्यामागे जुनाटपणापेक्षा हिशेब आहे: पाना घेऊन खलाशाला भर समुद्रात जे दुरुस्त करता येते तेच खरे उपयोगी. इलेक्ट्रॉनिक इंजिनाचा कोड वाचता आला तरी त्याचा सुटा भाग आणि वाचकयंत्र किनाऱ्यावर असते. शिक्षणाची सोय उपनगरात आहे. वर्सोव्यातच 1961 साली स्थापन झालेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. ती 1989 पासून अभिमत विद्यापीठ आहे, पण तिचा भर उच्च शिक्षणावर. खलाशांसाठी राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे प्रशिक्षण केंद्र वर्सोव्याला आहे, तिथे मासेमारी आणि नौकानयनाबरोबर सागरी डिझेल इंजिनाची देखभाल सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमात शिकवली जाते.

कोड हाताळणाऱ्याने एक शिस्त पाळावी. कोड पुसण्याआधी तो, त्या वेळचे इंजिनाचे तास आणि बोट काय करत होती हे वहीत उतरवून ठेवावे. पुसलेला कोड परत आला नाही म्हणजे दुरुस्ती झाली असे नाही. बोजा देऊन, इंजिन पुरते तापवून पाहिल्याशिवाय बोट खाडीबाहेर काढू नये.