‘मवाली’ शब्दाचें मूळ

दांडगाई करून लोकांस उपद्रव देणाऱ्या रिकामटेकड्या माणसास मराठींत मवाली म्हणतात. ह्या शब्दाचें ‘मावळी’शीं नादसाम्य पाहून मावळ्यांकडे बोट दाखविण्याचा मोह होतो. ही व्युत्पत्ति आम्हांस मान्य नाहीं. बारा मावळांतील ज्या पाइकांच्या बळावर शिवछत्रपतींचें राज्य उभें राहिलें, त्यांच्या नांवास अशी शिवी चिकटावी हा त्यांच्यावर अन्याय होय. तथापि अभिमान हा पुरावा नव्हे. म्हणून शब्दाच्या अंगानेंच विचार करूं.

मावळ हें नांव मावळणें ह्या क्रियापदाशीं जोडतात. पुण्याच्या पश्चिमेस, सूर्य मावळतो त्या बाजूचीं खोरीं तीं मावळें. पवन मावळ, हिरडस मावळ, गुंजण मावळ हीं वाचकांच्या परिचयाचीं आहेतच. ‘मावळी’ शब्दांत पहिलें अक्षर दीर्घ व दुसरें ह्रस्व आहे. ‘मवाली’ शब्दांत नेमकें उलट. दुसरें असें कीं, मराठीच्या घरच्या शब्दांत दोन स्वरांमधील एकेरी ‘ल’चा बहुधा ‘ळ’ होतो, जसें फळ, काळ, जळ. अरबी-फारसींतून आलेले माल, अमल, हवाली हे शब्द मात्र ‘ल’ राखून आहेत. मवाली ह्या दुसऱ्या पंक्तींत बसतो.

अरबींत मौला शब्दाचें अनेकवचन मवाली. धातूचा अर्थ जवळ असणें. त्यामुळें मौला म्हणजे धनीही, आणि धन्यानें मुक्त केलेला गुलामही. उमय्या खलीफांच्या काळीं (इ. स. ६६१–७५०) अरब टोळ्यांच्या आश्रयानें राहणाऱ्या अरबेतर मुसलमानांस मवाली म्हणत, त्यांत इराणी पुष्कळ. धर्म स्वीकारूनही त्यांस अरबांची बरोबरी मिळेना. इ. स. ६८५ त मुख्तारानें कूफ्यांत बंड केलें, तेव्हां ते मोठ्या संख्येनें त्यास मिळाले. ‘दंगेखोर’ हा अर्थ येथूनच निघाला असें म्हणणें सोपें आहे. पण त्यासाठीं कित्येक शतकांची उडी मारावी लागते. शिवाय पुढें फारसी दफ्तरी भाषेंत हा मानाचा शब्द होता; फर्मानांच्या मायन्यांत सय्यदांच्या जोडीनें विद्वान् मंडळींस तो लाविलेला आढळतो.

अर्थाची घसरण आम्हांस ‘अहाली-मवाली’ ह्या जोडशब्दांत दिसते. अहाली म्हणजे लोक, मवाली म्हणजे आश्रित. उर्दूंत ही जोडी बड्या माणसाभोंवतीं जमणाऱ्या नोकरचाकरांस व खुशमस्कऱ्या सोबत्यांस लावितात. धन्याच्या जोरावर माजलेला आश्रित रयतेस कसा भासतो, हें जुनीं दफ्तरें चाळणाऱ्यांस सांगावयास नको. आश्रितापासून दांडगटापर्यंतचा प्रवास आमच्या मतें ह्याच वाटेनें झाला. गंमत अशी कीं, ‘त्याला कोणी वाली नाहीं’ असें आपण म्हणतों, त्यांतील वाली म्हणजे रक्षणकर्ता हाही त्याच धातूचा!

फारसी लिपींत ‘ळ’ नाहीं. त्यामुळें दोन्ही शब्द लामनेंच लिहावे लागतात, आणि भेद उरतो तो केवळ अलिफाच्या जागेचा. ‘मावळी’ शब्दांत तो मीमनंतर येतो, ‘मवाली’ शब्दांत वावनंतर. ज्यांच्या संग्रहीं फारसी कागद असतील, त्यांनीं हा अलिफ नीट पाहून मगच नक्कल करावी.