बीओएस बुडाली, फाईल सिस्टीम तरली

माझ्या लहानपणी लाईट गेली की पहिली काळजी कॉम्प्युटरची. लाईट आल्यावर तो अख्खी डिस्क तपासत बसायचा आणि मी समोर नखं खात. नेमक्या याच दुखण्यावर १९९६ साली अमेरिकेत दोन इंजिनिअर बसले होते: डॉमिनिक जाम्पाओलो आणि सिरिल मरियों.

कंपनी होती 'बी'. ॲपल सोडून आलेल्या ज्याँ-लुई गासे यांनी १९९० मध्ये काढलेली. तिची बीओएस म्हणजे विंडोज आणि मॅक दोघांनाही पर्याय. सुरुवातीला तिच्यात फाईली एकीकडे आणि त्यांची माहिती ठेवणारा डेटाबेस दुसरीकडे, असा दोन वह्यांचा कारभार होता. साहजिकच हिशोब जुळेना. मग या दोघांनी दुसरी वहीच काढून टाकली. माहिती थेट फाईल सिस्टीममध्ये! हीच बीएफएस, १९९७ मध्ये बाहेर आली.

तिच्यात जर्नल होतं. डिस्कच्या रचनेत बदल करण्याआधी तो राखीव जागेत लिहून ठेवायचा. मध्येच करंट गेला, तर पुन्हा चालू करताना नोंद पूर्ण असेल तर बदल करायचा, अर्धवट असेल तर सोडून द्यायचा. काम काही क्षणांत. पण जर्नल फक्त रचनेचं बरं का. तुमच्या निबंधाचा सेव्ह न झालेला परिच्छेद गेला तो गेलाच.

मला खरी भारी वाटते ती पुढची गोष्ट. बीओएसमध्ये प्रत्येक ईमेल ही एक साधी फाईल. कोणी पाठवली, विषय काय, हे त्या फाईललाच चिकटलेलं. 'अमक्याच्या सगळ्या मेल दाखव' म्हटलं की यादी हजर, आणि खिडकी उघडी ठेवली तर नवी मेल त्यात आपोआप येऊन बसणार. नव्वदच्या दशकात, हं!

धंदा मात्र चालला नाही. ॲपल 'बी' घेईल अशी बोलणी चालली होती, पण १९९६ च्या शेवटी त्यांनी नेक्स्ट घेतली. २००१ मध्ये 'बी'ची मालमत्ता पामला गेली, १ कोटी १० लाख डॉलरला.

आणि जाम्पाओलो? ते गेले ॲपलमध्येच. २००५ साली मॅकवर आलेल्या स्पॉटलाईट शोधावर त्यांनी काम केलं, नंतर एपीएफएसवर. तुमच्यापैकी कोणाकडे आयफोन असेल तर २०१७ पासून त्यात तीच आहे. तिच्यात जुन्यासारखं जर्नल नाही; ती जुनी नोंद न पुसता बदल नव्या जागी लिहिते.

बीएफएस हवीच असेल तर हायकू ही मोफत सिस्टीम पेनड्राइव्हवर टाकून बघा. हौशी मंडळींनी ती नव्याने लिहून काढलीये आणि अजून चालवतायत.