लिंगनोंद, केसपेपरवरील (खानदेश)

केसपेपरवर नाव आणि वय यांच्या शेजारी येणारा ‘स्त्री/पुरुष/इतर’ हा रकाना. जळगाव व धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांपासून तालुक्याच्या खाजगी लॅबपर्यंत तो सर्वत्र आढळतो. नोंदणीच्या खिडकीवर पुष्कळदा रुग्णाला न विचारताच भरला जातो.

प्रयोगशाळा. रकान्याचे खरे काम येथे सुरू होते. हिमोग्लोबिन १२.४ आले तर स्त्रीचा अहवाल नॉर्मल, पुरुषाला मात्र रक्तक्षय. कारण जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा पुरुषांसाठी १३, गरोदर नसलेल्या स्त्रियांसाठी १२ ग्रॅम प्रति डेसिलिटर आहे. पाळीत जाणारे लोह सामान्य धरूनच स्त्रियांची मर्यादा खाली ठेवली गेली, असा आक्षेप काही तज्ज्ञ घेतात. क्रिएटिनिनचे उदाहरण अधिक बोलके आहे. साठीच्या व्यक्तीचे क्रिएटिनिन १.२ असेल, तर २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने मूत्रपिंडाची गाळणक्षमता पुरुषात सुमारे ६९, स्त्रीत सुमारे ५२ निघते. साठाच्या खालचा आकडा तीन महिने टिकला तर तो दीर्घकालीन मूत्रपिंडविकार मानतात. खिडकीवर चुकीची खूण झाली तर विकार झाकला जाऊ शकतो. रक्तपेढीत दोघांनाही किमान हिमोग्लोबिन १२.५ लागते, दोन रक्तदानांतील अंतर मात्र पुरुषाला तीन महिने, स्त्रीला चार.

सिकलसेल व जी६पीडी. सातपुड्यालगतच्या चोपडा, यावल, रावेर, शिरपूर या तालुक्यांतील भिल्ल, पावरा वस्तीत सिकलसेलची तपासणी चालते. हा दोष मुलगा-मुलगी दोघांत सारख्याच रीतीने उतरतो. निदानाला लिंगाची गरज नाही. तपासणी कार्डावर ते लागते ते लग्नाआधीच्या समुपदेशनासाठी. जी६पीडी या विकराची उणीव मात्र एक्स गुणसूत्रावरून येते. पुरुषात ती असते किंवा नसते. स्त्रीत अर्धवटही असू शकते आणि साध्या चाचणीतून निसटते. व्हायव्हॅक्स मलेरियात प्रायमाक्विन हे औषध देताना हा भेद जिवावर बेतू शकतो. गरोदर स्त्रीला ते देत नाहीत.

सोनोग्राफी. सर्वांत काटेकोर नोंद येथे ठेवावी लागते. महाराष्ट्राने १९८८ मध्ये गर्भलिंगनिदानावर बंधन आणले. केंद्राचा कायदा १९९४ चा, अंमल १ जानेवारी १९९६ पासून. त्याखालील ‘एफ’ फॉर्म सोनोग्राफी होणाऱ्या प्रत्येक गरोदर स्त्रीसाठी भरतात. त्यात तिच्या हयात मुलगे व मुली, त्यांची वये आणि तपासणीचे कारण लिहितात; गर्भाचे लिंग पाहिले वा सांगितले नाही, असे डॉक्टर सहीनिशी लिहून देतात. म्हणजे आधीच्या मुलींची संख्या विचारणे सक्तीचे, पोटातल्या बाळाबद्दल बोलणे गुन्हा. दोन मुलींनंतरची तपासणी कोणत्या केंद्रात वारंवार होते, हे फॉर्म जुळवून पाहता येते. त्यासाठीच ही माहिती मोलाची. नोंदी किमान दोन वर्षे जपाव्या लागतात. फॉर्ममधील त्रुटी ही केवळ कारकुनी चूक धरावी, ही डॉक्टरांच्या संघटनेची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फेटाळली. जळगाव जिल्ह्यात ० ते ६ वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली २००१ मध्ये ८८० होत्या, २०११ मध्ये ८४२. राज्यात त्या वर्षी बीड (८०७) सर्वांत खाली होते.

तृतीयपंथी. त्यांच्या ओळखीला मान्यता देणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१४ चा, कायदा २०१९ चा. ‘इतर’ हा पर्याय छापला जातो; संप्रेरके घेणाऱ्या व्यक्तीच्या अहवालाला कोणती नॉर्मल रेंज लावावी, यावर एकमत नाही.

दंतचिकित्सा. रकाना असतो; उपयोग थोडा.