दिवेआगरचा ताम्रपट व ख्रिस्तपुराणाची देवनागरी पोथी

रायगड जिल्ह्यांतील दिवेआगर हें गांव संशोधकांस मुख्यतः शके ९८२ (इ. स. १०६०) च्या मराठी ताम्रपटामुळें परिचित आहे. त्यावर शक कोरलेला असल्यामुळें तत्कालीन भाषेचा काळ ठरविण्यास निश्चित आधार मिळतो. कोंकणच्या खाऱ्या व दमट हवेंत तांबें टिकलें. कागदाचें दैव तसें नाहीं. याच किनाऱ्याच्या दक्षिणेस, गोमंतकांत, रचलेल्या एका ग्रंथाचा इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्यें गोव्यास आले. त्यांचें ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्यें रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें व पुढें १६४९ आणि १६५४ मध्यें पुन्हा निघालें. या तिन्ही मुद्रणांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथाचा आरंभ सृष्ट्युत्पत्तीपासून आहे. ख्रिस्तकथेसाठीं निवडलेल्या मराठी भाषेचा गौरव कवीनें मोगरा, कस्तुरी, मयूर व कल्पतरु यांच्या उपमांनीं केला आहे. धर्म नवा, परंतु निसर्गाकडे पाहण्याची दृष्टि येथील पुराणिकाची, हा या काव्याचा विशेष आम्हांस वाटतो.

अमेरिकन मिशनरी १८१३ मध्यें मुंबईस आले, तेव्हां हें काव्य केवळ हस्तलिखितांत जिवंत होतें. विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहांत त्याची देवनागरी पोथी होती. १८३५ मध्यें त्यांनीं आपला संग्रह लंडनच्या किंग्ज कॉलेजास दिला व पुढें ही पोथी तेथील प्राच्यविद्या-विद्यालयाकडे गेली. इकडे सालढाणा यांनीं १९०७ मध्यें मंगळूर येथें रोमन हस्तलिखितांवरून ग्रंथ छापला. नंतर १९२३ मध्यें जस्टिन अ‍ॅबट यांनीं मार्सडेन पोथीकडे अभ्यासकांचें लक्ष वेधून तोच मूळ पाठ असल्याचें प्रतिपादन केलें.

रोमन पाठांत जेथें पोर्तुगीज शब्द आहेत, तेथें या पोथींत पुष्कळदां संस्कृत शब्द आढळतात. ते कवीचे कीं मागाहून कोणीं घातलेले, हा वाद त्यामुळेंच उत्पन्न होतो. ताम्रपट आपला शक स्वतःच सांगतो. पोथीच्या बाबतींत मात्र लेखक, स्थळ व पूर्वीचे मालक यांची नोंद हाच पुरावा. म्हणून संग्राहकांस आमची विनंती इतकीच कीं, पोथी कोणत्या धर्माची हें न पाहतां ती जतन करावी, आणि ती कोठून व कोणाकडून मिळाली हें त्याच दिवशीं लिहून ठेवावें.