तारेतला जपान, पारावरचा जपान

फेब्रुवारी १९०४मध्ये रशिया-जपान युद्ध पेटले, तेव्हा बारामतीला रेल्वे नव्हती. इंदापूर तर पुणे-सोलापूर सडकेवरचे गाव. पुण्याहून दर मंगळवारी निघणारा ‘केसरी’ अशा गावांत टपालाने जाई. वर्गणीदार एक, वाचणारा एक आणि पारावर बसून ऐकणारे अनेक, अशी त्या काळची रीत होती.

बातमीचा उगम मात्र पुण्यात नव्हता. रॉयटर, फ्रान्सची आवास आणि जर्मनीची वोल्फ या वृत्तसंस्थांनी १८७०च्या कराराने जग वाटून घेतले होते. हिंदुस्थान रॉयटरच्या वाट्याला आला होता. १९०२मध्ये ब्रिटनने जपानशी तह केला. त्यामुळे लंडनमार्गे येणाऱ्या बातम्यांत जपान शिस्तीचा, सुधारलेला मित्र ठरला आणि रशिया हिंदुस्थानच्या सीमेवर डोळा ठेवणारा शत्रू.

मराठी पत्रांनी याच तारांचा आधार घेतला, पण तात्पर्य वेगळे काढले. पोर्ट आर्थर पडले, मे १९०५मध्ये त्सुशिमाच्या समुद्रात रशियन आरमार बुडाले. ‘केसरी’, ‘काळ’ यांच्या लेखी याचा अर्थ एकच होता: आशियाई राष्ट्र युरोपीय सत्तेला हरवू शकते. सरकारच्याच मित्राचे हे कौतुक. त्यावर राजद्रोहाचे कलम लावणे सोपे नव्हते. ऑक्टोबरात बंगालची फाळणी अमलात आली, तेव्हा स्वदेशीच्या प्रचाराला जपानचा दाखला तयारच होता.

तरी हे तात्पर्यही अपुरे होते. जमिनीवरच्या मोठ्या लढाया चीनच्या मांचुरियात झाल्या. नोव्हेंबर १९०५मध्ये कोरिया जपानचा अंकित झाला आणि १९१०मध्ये जपानी साम्राज्यात विलीन. आशियाच्या विजयकथेत या आशियाई देशाला फारशी जागा उरत नव्हती.

१९१४मध्ये दौंड-बारामती रेल्वे सुरू झाली. पण त्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले. १९१०चा वृत्तपत्र कायदा होताच, त्यात १९१५च्या भारत संरक्षण कायद्याची भर पडली. मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात मराठा पलटणी अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ला तिथल्या सैन्याने शरणागती पत्करली. परक्यांच्या युद्धाचा अर्थ मराठी संपादकाला आपल्या परीने लावता आला होता. आता युद्धात आपलीच माणसे होती, आणि त्याचा अर्थ सांगण्याची मोकळीक मात्र आटली होती.